फ्लॉवरचा पिझ्झा बेस ओला का राहतो? पिशवी उघडण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. आमच्या गोठवलेल्या फ्लॉवरच्या किसाची ४०० ग्रॅमची पिशवी तुम्ही घेतलीत, त्याबद्दल आभार. पिशवीच्या मागे कृती छापलेली आहेच. तरीही हा वेगळा कागद सोबत देतोय, कारण शनिवार-रविवारी संध्याकाळी सातनंतर आमचा फोन एकाच तक्रारीसाठी वाजतो: "बेस अर्धा तास भाजला, तरी मधे ओलाच. कागदाला चिकटला, उचलायला गेले तर तुकडे झाले." तोवर पोरं ताटं घेऊन बसलेली असतात, आणि फोनवरून त्यातलं फारसं काही सावरता येत नाही. जे सावरायचं ते कीस पातेल्यात असतानाच.

आम्ही दरवेळी एकच विचारतो. कीस पिळला होता का? उत्तरही बहुधा ठरलेलं असतं. "पिशवीवर तर लिहिलंय की पाणी काढलेला कीस आहे, मग परत कशाला पिळायचा?"

पिळायचाच. का, ते सांगते.

फ्लॉवरमध्ये वजनाच्या साधारण ९२ टक्के पाणी असतं. ते काकडीसारखं जाणवत नाही, कारण बारीक बारीक पेशींत कोंडलेलं असतं. आम्ही तुरे किसतो, वाफवतो, यंत्रात फिरवून वरचं सुटं पाणी काढतो आणि लगेच गोठवतो. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशींच्या भिंती फाडतात. त्यामुळे तुमच्या घरी कीस वितळला की आमच्याकडे बाहेर न आलेलं पाणीही मोकळं होतं. आमचं काम नीट झालं नाही म्हणून हे पाणी सुटतं असं नाही. गोठवलेल्या प्रत्येक फ्लॉवरचं असंच होतं, कुठल्याही दुकानातून आणा.

"मग तुम्हीच कोरडाठक्क करून द्या ना!" हेही अनेकांनी सुचवलं, आणि आम्ही ते करून पाहिलं. यंत्राचा दाब वाढवला की किसाचा दाणा मोडतो आणि लगदा होतो. लगद्याचा बेस भाजला की वरून रबरासारखा आणि आतून चिकट लागतो. दाणा शाबूत ठेवायचा तर शेवटची पिळणी हातानेच आणि कीस वितळल्यावरच करावी लागते. ती तुमच्या स्वयंपाकघरात होते, आमच्या कारखान्यात होऊ शकत नाही.

पिळायचं म्हणजे किती

पिशवी आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळपर्यंत कीस सुटा होतो. घाई असेल तर मायक्रोवेव्हमध्ये झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं फिरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम कीस हाताला भाजतो, माणूस दोनदा दाबून सोडून देतो, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

आता पंचा किंवा मलमलचं जुनं फडकं घ्या. नवं कापड असेल तर खळ जाईपर्यंत धुवून घ्या. सगळा कीस एकदम घेऊ नका, दोन भाग करा. पुरचुंडी बांधा, वरचा पिळा एका हाताने धरा आणि खालचा गोळा दुसऱ्या हाताने फिरवत आवळत जा. पहिल्यांदा धार लागेल, मग थेंब येतील. थेंब थांबले की बरेच जण थांबतात. तुम्ही थांबू नका. पुरचुंडी उघडा, कीस बोटांनी मोकळा करा, पुन्हा बांधा आणि पुन्हा पिळा. दुसऱ्या वेळी निघणारं पाणी थोडंच असतं, पण बेस ओला ठेवतं ते हेच.

झालं की नाही, हे ओळखायची खूण: मूठभर कीस घट्ट दाबा. त्याचा लाडू वळला पाहिजे, आणि मूठ उघडल्यावर बोटांच्या बेचक्यात ओल दिसता कामा नये. लाडवावर अंगठा टेकवला की तो भुरभुरीत फुटला पाहिजे. चेपला गेला तर अजून एकदा पिळा. घरात वजनकाटा असेल तर काम आणखी सोपं: ४०० ग्रॅम किसाचे २५० ग्रॅमच्या आसपास राहिले की झालं. म्हणजे वाटीभर पाणी निघायला हवं. ते ओतून देऊ नका, आमटीत घाला किंवा कणीक भिजवायला वापरा.

काही जण चक्क्यासारखी पुरचुंडी नळाला टांगून ठेवतात. दह्याचं पाणी आपोआप गळतं, फ्लॉवरचं गळत नाही, त्याला दाब लागतोच. चाळणीत चमच्याने दाबूनही भागत नाही, दाणा खाली निसटतो आणि पाणी वरच राहतं. आणि मीठ पिळण्याआधी घालू नका असं आम्ही सांगतो. ते पिळल्यानंतर, भाजायला टाकायच्या अगदी आधी घाला. मीठ घालून मिश्रण पंधरा मिनिटं तसंच राहिलं तर ते पुन्हा पाणी सोडतं.

१५० ग्रॅम पाण्याचे पैसे का द्यायचे?

हा प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ हिशेब देते. मंडईतून पाला आणि दांड्यासकट एक किलोचा गड्डा आणला तर त्यातून साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास चांगले तुरे निघतात. किसून, वाफवून आणि यंत्रातून काढून त्याचे आमच्याकडे ४०० ग्रॅम उरतात. म्हणजे एका पिशवीत एक अख्खा गड्डा असतो, आणि आम्ही किंमत त्या गड्ड्यावर लावतो. निवडणं, अळ्या काढणं आणि किसणं हे तुमचे तास-दीड तास वाचतात, ते वेगळेच.

पावसाळ्यात पिशवीतून पाणी जास्त निघतं, तेही याच जागी सांगून टाकते. आमचा बराचसा माल गिरणारे आणि दिंडोरीकडून येतो. डिसेंबर ते फेब्रुवारीतला गड्डा घट्ट, पांढराशुभ्र आणि जड असतो. जून ते सप्टेंबरमध्ये मिळतो तो विरळ आणि मऊ. फ्लॉवर मुळात थंड हवेचं पीक, इंग्रजांनी १८२२ साली सहारनपूरच्या बागेत आणलेलं. पुढे आपल्या हवेत तगणाऱ्या जाती तयार झाल्या, तरी थंडीतल्या गड्ड्याची सर त्यांना येत नाही. म्हणून पावसाळ्यातली पिशवी एकदा जास्तच पिळा.

बेस

पिळलेला कीस, एक अंडं, अर्धी वाटी किसलेलं मोझरेला (साधारण ६० ग्रॅम), दोन मोठे चमचे बदामाचं पीठ, मिरपूड, हातावर चोळलेला ओवा आणि बेताचं मीठ. चीज खारट असतं हे विसरू नका. ओवा घालाच, फ्लॉवरने ज्यांचं पोट फुगतं त्यांना त्याने बरं वाटतं. अंडं चालत नसेल तर ६० ग्रॅम पनीर अगदी बारीक कुस्करून घाला, वर एक मोठा चमचा इसबगोल घाला आणि दहा मिनिटं थांबा. इसबगोल उरलीसुरली ओल पितो आणि मिश्रण बांधून ठेवतो. हा बेस अंड्याच्या बेसपेक्षा थोडा मऊ होतो, तो नेहमीच्या नऊ इंचांऐवजी सात इंचाचा करा म्हणजे उलटताना मोडणार नाही.

मैद्याच्या कणकेला ग्लुटेनचा ताण असतो, म्हणून ती ताणली तरी फाटत नाही. फ्लॉवरमध्ये ग्लुटेन नाही. इथे सगळी पकड अंडं आणि चीज यांची, आणि पाण्यात ही पकड सुटते. कीस ओला राहिला तर कितीही चीज घाला, बेस सुटणारच.

बेकिंगचा बटर पेपर घ्या, त्याला तेलाचं बोट लावा आणि थालीपीठ थापतो तसा गोळा मधून बाहेर थापत जा. जाडी पाव इंच, कडा किंचित जाड, कारण त्या आधी करपतात. थालीपिठासारखं मधे भोक मात्र पाडू नका.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) २०० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू ठेवून, १५ मिनिटं आधी तापवून ठेवा. बेस २० ते २५ मिनिटं भाजा, वरून तांबूस डाग पडेपर्यंत. मग दुसऱ्या कागदावर उलटा करून आणखी सहा-सात मिनिटं. बाहेर काढून जाळीवर ठेवा, ताटात नको. ताटात खालून वाफ धरते आणि केलेलं सगळं वाया जातं. पाच मिनिटांनी सॉस, भाज्या आणि चीज घालून २२० अंशांवर सात-आठ मिनिटं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचा नॉनस्टिक तवा, मंद आच आणि झाकण नाही. पहिली बाजू दहा-बारा मिनिटं घेते. थालीपिठाच्या सवयीने हात झाकणाकडे जातो, तो आवरा, झाकणाची वाफ पाणी होऊन बेसवरच पडते. उलटायला ताटलीचा आधार घ्या. झाकण फक्त शेवटी, चीज वितळण्यापुरती दोन मिनिटं.

वरच्या भाज्याही पाणी सोडतात. कांदा, सिमला मिरची आणि मश्रूम आधी मोठ्या आचेवर परतून घ्या. टोमॅटोच्या बिया काढा. सॉस घट्ट हवा, आणि तो बाटलीतला गोड केचप नको. केचपमध्ये साखर बरीच असते.

पीठ घालून ओल सुकवू नका

मिश्रण सैल वाटलं की कुणी बेसन घालतं, कुणी तांदळाचं पीठ, कुणी कॉर्नफ्लोअर. बेस जमतो, पण मग आमची पिशवी घेतलीत कशाला? फ्लॉवरचा बेस करायचा तो कर्बोदकं कमी व्हावीत म्हणूनच. ४०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात, त्यातले ८ ग्रॅम तर नुसते तंतू (फायबर). तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घातलं की तेवढ्यातच वीसेक ग्रॅम कर्बोदकं वाढतात, म्हणजे अख्ख्या गड्ड्याएवढी. आमच्या कृतीने अख्खा बेस, तंतू वगळून, १५ ग्रॅमच्या आसपास बसतो. १०० ग्रॅम मैदा घेऊन केलेल्या बेसमध्ये हाच आकडा ७५ च्या घरात जातो.

हे मी इतकं धरून बसते, कारण हा धंदा सुरू झाला तो माझ्या सासूबाईंसाठी. त्यांना मधुमेह. घरात पिझ्झा आला की त्या ताट घेऊन आत जाऊन बसत, नातवंडांना वाईट वाटू नये म्हणून. पहिल्यांदा फ्लॉवरचा बेस केला तेव्हा मीही पिळला नव्हता. तो चमच्याने वाढावा लागला. त्यांनी काही न बोलता खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा पंचा आणून माझ्या हातात दिला. दुधीचे कोफ्ते करताना कीस पिळायची त्यांची जुनी सवय होती, तीच इथे लागू पडली. आजही प्रत्येक नव्या मालाचा पहिला बेस त्याच खातात.

मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला. हा बेस औषधाची जागा घेत नाही, आणि वरचं चीज पोटभर खाल्लं तर हलकाही राहत नाही.

ताजा गड्डा आणून घरीच करायचं असेल तर जरूर करा. तुरे कोमट मीठ-हळदीच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून पुसून कोरडे करा. मोठ्या भोकाच्या किसणीवर किसा, मिक्सरमध्ये पेस्ट होते. कोरड्या कढईत तेल-पाण्याशिवाय आठ-दहा मिनिटं परता, गार करा आणि वर सांगितलं तसं दोनदा पिळा. सवड नसेल त्या दिवसासाठी आमचा अर्धा भाजलेला तयार बेसही मिळतो, दोनाच्या पाकिटात, त्याच दुकानात. त्यात पिळणी आम्ही हाताने करतो, म्हणून तो महाग आहे आणि आठवड्याला मोजकेच निघतात. आधी सांगून ठेवलंत तर बाजूला काढून ठेवू.

वितळलेली पिशवी परत गोठवू नका. उरलेला पिळलेला कीस फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, त्याचं थालीपीठ फार छान होतं.

एवढं करूनही बेस बिघडला तर फोन करा, नंबर पिशवीवर आहे. बिघडलेल्या बेसचा फोटो पाठवा आणि सोबत कळवा की पिळून किती वाटी पाणी निघालं होतं. कीस दोनदा पिळून, वाटीभर पाणी काढूनही बेस सुटला असेल तर दोष आमच्या मालात आहे, पिशवी बदलून देऊ.