मेंदूतील रक्तस्राव

कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटून मेंदूत किंवा त्याच्या आवरणांमध्ये रक्त साचण्याची विकृती. बोलताना आपण ‘ब्रेन हॅमरेज’ म्हणतो. पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. एकात रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, दुसऱ्यात ती फुटते. खेडोपाडी दोन्हींना शब्द एकच, ‘अंगावरून वारं गेलं’. आयुर्वेदाने पक्षाघात वातव्याधींत घातला आहे. अर्धांगवायूतला वायूही तोच. बाहेरून पाहता एकाच शब्दात दोन्ही बसवणे चूक म्हणता येत नाही. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, जीभ जड होणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच. रक्तस्रावात डोकेदुखी, उलटी आणि लवकर शुद्ध हरपणे जास्त आढळते, पण त्यावर विसंबून निदान करता येत नाही.

फरक पडतो तो उपचारात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत दिले, तर तुंबलेली वाहिनी मोकळी होऊ शकते. तेच रक्तस्राव झालेल्याला दिले तर जिवावर बेतते. हृदयविकाराच्या धास्तीने घरात ठेवलेली ॲस्पिरिनची गोळी अशा वेळी आपल्या मनाने देऊ नये, ती याचसाठी. निवाडा सीटी स्कॅन करतो. त्यात मेंदू करडा आणि ताजे रक्त पांढरे दिसते. गुठळीच्या पक्षाघातात मात्र पहिल्या काही तासांत स्कॅन बऱ्याचदा स्वच्छच येतो. ‘नॉर्मल आहे’ ऐकून नातेवाईक सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि डॉक्टरांची इंजेक्शनची घाई नेमकी तेव्हाच सुरू होते. सीटी स्कॅनचे यंत्र रुग्णावर प्रथम वापरले गेले १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात. ते घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक ॲलन कॉरमॅक यांच्यासह मिळाले.

अशा झटक्यामागे रक्तस्राव असू शकतो, हे त्याच्या तीनशे वर्षे आधी ठाऊक होते. स्वित्झर्लंडच्या शाफहाउझेन गावचे वैद्य योहान याकोब वेप्फर यांनी शवविच्छेदनावरून ते १६५८ मध्ये मांडले.

सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब. मेंदूच्या तळाशी जाड धमनीतून केसासारख्या बारीक वाहिन्या थेट काटकोनात फुटतात आणि मोठ्या धमनीतला दाब फारसा न ओसरता त्यांच्यावर येतो. वर्षानुवर्षे तो सोसून त्यांच्या भिंती विरतात. म्हणूनच हा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या खोल भागात, मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभात किंवा लहान मेंदूत होतो. उतारवयात वाहिन्यांत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते, तेव्हा तो पृष्ठभागाजवळ होतो. रक्त पातळ करणारी औषधे आणि अति मद्यपान यांनी धोका वाढतो.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. तो नीट उतरवील असे औषधच तेव्हा नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे चित्रकार त्यांचे व्यक्तिचित्र काढत असताना डोक्याच्या मागे भयंकर दुखतेय असे म्हणून ते कोसळले. डॉक्टरांनी मोजलेला दाब ३०० वर होता. काही तासांतच ते गेले. आज औषधे स्वस्त आहेत, पण ‘त्रास काही होत नाही’ म्हणून गोळी बंद करणारे घरोघरी सापडतात.

अशा रक्तस्रावात महिन्याभरात साधारण ४० टक्के रुग्ण दगावतात. रक्तदाब १४० च्या आसपास आणणे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणे हे पहिले काम. लहान मेंदूत साचलेल्या रक्ताची मोठी गाठ काढल्याने जीव वाचू शकतो. इतरत्र शस्त्रक्रियेचा फायदा दरवेळी होतोच असे नाही.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते, थॉमस विलिस यांच्या नावाने ओळखले जाणारे. तिथे धमनीची भिंत कमकुवत होऊन आलेला फुगा फुटला तर क्षणात असह्य डोके दुखते, आयुष्यात कधी दुखले नव्हते असे. फुग्याच्या मानेला चिमटा लावण्याची शस्त्रक्रिया वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये केली. आता पुष्कळदा जांघेतून नळी नेऊन आत तारेचे वेटोळे भरतात.

आवरणाखाली हळूहळू साचणारे रक्त हा पक्षाघात नव्हे, पण गल्लत होते. न्हाणीघरात घसरलेले आजोबा तीन-चार आठवड्यांनी पेंगुळतात, नावे विसरतात, पाय ओढतात आणि घरचे वयाला दोष देतात. कवटीला भोक पाडले की जुन्या इंजिन ऑइलसारखे काळपट पातळ रक्त बाहेर येते, आणि पुष्कळदा आजोबा पुन्हा नातवंडांना नावाने हाक मारू लागतात.