नागिणीच्या दुखण्याला फिटची गोळी का देतात, त्यामागची गोष्ट

आईला नागीण झाली होती, उजव्या बरगडीवरून थेट पाठीपर्यंत. फोड पंधरा-वीस दिवसात सुकले पण आग काही जाईना, पदर नुसता लागला तरी कळवळायची. डॉक्टरांनी गॅबापेंटिन दिली, आधी रात्री एक ३०० ची, मग वाढवत दिवसातून तीन. दोनेक महिन्यांनी बरं वाटायला लागलं आणि तेवढ्यात शेजारच्या काकूंनी स्ट्रिप बघितली, म्हणाल्या अहो ही तर आमच्या पुतण्याला फिटसाठी चालू आहे, तुम्हाला कुठे फिट येतात? झालं, आईने त्याच दिवशी गोळी बंद केली. तिसऱ्या रात्री झोप नाही, दरदरून घाम, जीव घाबरा आणि आग पहिल्यासारखी. काकूंचा काही दोष नाही, हे औषध दोन्हीकडे कसं चालतं ते आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं, मीच मग शोधून वाचलं.

फिट आणि नसांचं दुखणं यांचं नातं गोळ्यांच्याही आधीचं आहे. काही लोकांना गालात, जबड्यात अचानक करंट मारल्यासारखी कळ येते, काही सेकंद राहते आणि जाते, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात त्याला. १८५३ मध्ये फ्रान्सच्या त्रूसो नावाच्या डॉक्टरांनी ही कळ फेफऱ्यासारखीच झटक्यात येते हे ओळखून तिला तसंच नाव दिलं. पुढे १९३८ मध्ये बोस्टनला मेरिट आणि पुटनम यांनी फिटवर फेनिटॉइन नावाचं औषध वापरून दाखवलं, आणि १९४२ मध्ये फ्रान्समध्येच बर्गूइन्याँ यांनी तीच गोळी चेहऱ्याच्या कळेला देऊन बघितली आणि लागू पडली. मग आली कार्बामॅझेपिन, आपल्याकडे टेग्रिटल म्हणून माहीत असलेली, १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात गायगी कंपनीत शिंडलर यांनी बनवलेली. अमेरिकेत तर ती १९६८ ला आधी चेहऱ्याच्या दुखण्यासाठी मंजूर झाली आणि फिटसाठी नंतर, १९७४ ला. म्हणजे काकूंना जे उलटं वाटलं ते डॉक्टरांना शंभर-दीडशे वर्षं दिसत होतं, मेंदूतल्या पेशी असोत की बरगडीतली नस, कारण नसताना सिग्नल सोडत राहतात आणि त्यांना शांत करायचं असतं.

गॅबापेंटिन १९७० च्या दशकात जर्मनीत बनली, पार्क-डेव्हिस या अमेरिकन औषध कंपनीच्या तिथल्या शाखेत. मेंदूत गाबा नावाचं ब्रेकसारखं काम करणारं द्रव्य असतं, ते बाहेरून दिलं तर रक्तातून मेंदूत नीट शिरत नाही, म्हणून त्याच्या रचनेत बदल करून आत जाईल असं औषध करायचं अशी कल्पना होती. औषध आत गेलं, फिट कमीही झाल्या, पण गाबाच्या जागांवर ते कामच करत नव्हतं! १९९६ मध्ये कळलं की ते नसेतल्या कॅल्शियमच्या वाटांच्या एका भागाला चिकटतं आणि सिग्नलचा जोर कमी करतं. तोपर्यंत अमेरिकेत ते १९९३ च्या शेवटी फिटसाठी, तेही दुसऱ्या औषधाच्या जोडीला, मंजूर झालेलं होतं. नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी २००२ मध्ये.

मधल्या काळातली एक गोष्ट मला फार लागली. कंपनीने ते मंजुरी नसलेल्या कितीतरी आजारांसाठी डॉक्टरांच्या गळी उतरवलं, बायपोलरपासून मायग्रेनपर्यंत. डेव्हिड फ्रँकलिन नावाच्या त्यांच्याच माणसाने १९९६ मध्ये नोकरी सोडून केस केली आणि २००४ मध्ये गुन्हा कबूल करून ४३ कोटी डॉलर भरावे लागले. म्हणून आपल्याला ही गोळी नक्की कशासाठी दिलीय हे डॉक्टरांना सरळ विचारावं, त्यात उद्धटपणा काही नाही.

घेण्याचे नियमही असेच एकेक करून कळत गेले. आतड्यातून हे औषध आत नेणारी वाट अरुंद आहे, दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतलं तर साधारण ६० टक्के रक्तात जातं, ३६०० घेतलं तर फक्त ३३ टक्के, म्हणून ते दिवसातून तीनदा वाटून देतात आणि दोन डोसमध्ये १२ तासांपेक्षा जास्त गॅप पडू द्यायचा नाही. एखादा डोस विसरलात तर पुढच्या वेळी डबल घ्यायचं नाही. अ‍ॅसिडिटीचं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध सोबत घेतलं तर असर कमी होतो, दोन तास मध्ये जाऊ द्या. लिव्हरवर भार नाही पण सगळं किडनीतून बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) वाढलेलं असेल तर डोस कमी लागतो, शुगरवाल्यांनी हे डॉक्टरांना आठवणीने सांगाच.

२००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, फिटच्या ११ औषधांच्या १९९ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा औषध घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार किंवा वागणं ०.४३ टक्के आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ०.२२ टक्के निघालं. प्रमाण छोटं आहे पण घरातल्यांनी मूड बदलतोय का एवढं बघावं आणि वाटलं तर लगेच डॉक्टरांना सांगावं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये दुसरा इशारा आला, श्वास मंदावण्याचा, विशेषतः म्हातारी माणसं, सीओपीडीवाले (फुफ्फुसाचा जुना दम लागणारा आजार असलेले) आणि सोबत ट्रामाडॉल, कोडीनसारखी जोरदार पेनकिलर किंवा झोपेची गोळी घेणारे यांच्यासाठी. दारू तर नकोच. आणि सुरुवातीला चक्कर आणि गुंगी येते, आई रात्री बाथरूमला जाताना भिंतीला हात लावत जायची, त्या दिवसात गाडी चालवू नये.

अचानक बंद करणं मात्र सगळ्यात वाईट, आईचे हाल झाले, पण ज्याला खरोखर फिट येतात त्याला एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

आईची गोळी डॉक्टरांनी परत सुरू केली, आणि दुखणं थांबल्यावर त्यांनीच उतरवत आणली, आधी दुपारची, आठवड्याने सकाळची, शेवटी रात्रीची. मी कालनिर्णयवर प्रत्येक तारखेला पेनने लिहून ठेवलं होतं आज किती, आणि काकू रोज येऊन ते वाचून बघायच्या.