सर्व्हरशी असिंक्रोनस संवाद: साधनांच्या निवडीची पार्श्वभूमी

पान पुन्हा लोड न करता आणि उत्तरासाठी अडून न राहता (म्हणजे असिंक्रोनस पद्धतीने) सर्व्हरकडून माहिती आणायची असेल, तर आज ब्राउझरमध्येच असलेले फेच, अ‍ॅक्सिओस ही लायब्ररी (तयार कोडचा संच) किंवा जुन्या प्रकल्पांत टिकून असलेली जेक्वेरी ही लायब्ररी यांपैकी काय वापरावे, हा प्रश्न प्रत्येक चमूत निघतो. यांतले प्रत्येक साधन ब्राउझरच्या त्या त्या काळातील उणिवेतून जन्मले आहे. ती उणीव ठाऊक नसेल, तर निवड केवळ सवयीने होते.

आरंभ ईमेलमुळे झाला. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक वेब अ‍ॅक्सेससाठी (ब्राउझरमधून ईमेल पाहण्याच्या सोयीसाठी) अ‍ॅलेक्स हॉपमन यांनी लिहिलेला, सर्व्हरकडून माहिती आणणारा घटक मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत आला. तो एक्सएमएल या डेटा-स्वरूपासाठीच्या एमएसएक्सएमएल लायब्ररीतून वितरित झाला, म्हणून नावात एक्सएमएल शिरले. प्रत्यक्षात त्यातून कोणताही मजकूर आणता येत असे. मोझिलाने तीच कल्पना एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या नावाने उचलली. जीमेल (२००४) आणि गूगल मॅप्स (२००५) यांनी तिची ताकद दाखवली, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘अजॅक्स’ हे नाव दिले.

त्या काळचा कोड मुद्दाम वाचून पाहावा. आधी ब्राउझरमध्ये एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट हे ऑब्जेक्ट आहे का ते तपासायचे, नसेल तर अ‍ॅक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रातली वेगवेगळी नावे ट्राय-कॅचमध्ये (चूक झाल्यास ती पकडणाऱ्या रचनेत) एकेक करून आजमावायची, मग रेडीस्टेट ४ होईपर्यंत (म्हणजे उत्तर पूर्ण येईपर्यंत) थांबायचे आणि स्टेटस २०० (म्हणजे यशस्वी) आहे का ते पाहायचे. २००६ मध्ये आलेल्या जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीने हा सगळा खटाटोप एका फंक्शनमागे दडवला. तिचा प्रसार इतक्या झपाट्याने झाला, यात मला काहीच नवल वाटत नाही.

पुढची अडचण एकात एक अडकलेल्या कॉलबॅकची, म्हणजे उत्तर आल्यावर चालवायच्या फंक्शनची, होती. २०१५ मध्ये प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराच्या जागी आधीच हाती मिळणारे ऑब्जेक्ट) जावास्क्रिप्टच्या मानकात आले, आणि त्याच वर्षी क्रोम व फायरफॉक्समध्ये प्रॉमिसवर आधारलेले फेचही आले. मात्र फेचच्या लेखी ४०४ (पान सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमधली चूक) हे स्टेटस अपयश नव्हे: उत्तर पोहोचले की प्रॉमिस पूर्ण होते, आणि उत्तर यशस्वी आहे का ते सांगणारे रिस्पॉन्सचे ‘ओके’ स्वतः तपासावे लागते. ही तपासणी राहून गेली की चुकीच्या पानाचा मजकूर डेटा समजून पुढे जातो. अ‍ॅक्सिओस असे स्टेटस थेट त्रुटी मानते आणि जेसन या डेटा-स्वरूपातले उत्तरही स्वतःच उलगडते. शिवाय एकच कोड ब्राउझरमध्ये आणि नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) चालवता येणे, हे तिचे मोठे आकर्षण होते. २०२२ मध्ये नोड १८ मध्ये फेच अंगभूत आल्यावर ते बरेच ओसरले. म्हणूनच साध्या मागण्यांसाठी नव्या प्रकल्पात वेगळी लायब्ररी घेण्याचे कारण आता क्वचितच उरते, असे माझे मत आहे.

फाइल अपलोड होताना किती टक्के काम झाले ते दाखवायचे असेल, तर मात्र फेच ती प्रगती कळवत नाही. तिथे आजही १९९९ च्या त्या घटकाचा वारस असलेले एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टच हाती घ्यावे लागते.