पाण्यात उभं राहून सुकणारं भात

खाडीकाठच्या खारजमिनीचा बांध उधाणात फुटला, की खाचरात पाणी भरलेलं असतं आणि त्यातच भाताची रोपं माना टाकतात. पायाशी एवढं पाणी असून रोप सुकतं कसं?

उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. करकरीत कैरीच्या फोडींना मीठ चोळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी फोडी मऊ पडलेल्या, आक्रसलेल्या आणि तळाशी खार सुटलेला. ते पाणी फोडींच्या पेशींतलंच, मिठाने ओढून काढलेलं. फोडीचा करकरीतपणा त्या पाण्याच्या दाबामुळेच होता.

कोकणातल्या घराघरांत हे पिढ्यान्‌पिढ्या हाताला ठाऊक आहे. त्यामागचं कारण मात्र हळूहळू उलगडलं. १७४८ मध्ये फ्रान्सच्या नोले यांनी डुकराच्या मूत्राशयात मद्यार्क भरून तो पाण्यात ठेवला, तर तो फुगून टम्म झाला. पुढे १८२६ च्या सुमारास फ्रान्सच्याच द्यूत्रोशे यांनी या ओढीला नाव दिलं आणि तिचा संबंध सजीवांशी जोडला. आज आपण तिला परासरण म्हणतो.

खरी कमाल जर्मनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांची. आपला माठ पाझरतो तसं झिलई नसलेलं मातीचं भांडं त्यांनी घेतलं आणि त्याच्या छिद्रांत तांब्याच्या संयुगाचा पातळ पडदा तयार केला. त्यातून पाणी आत जाई, साखर बाहेर येत नसे. १८७७ मध्ये त्यांनी आकडे छापले: अवघ्या १ टक्का साखरेच्या पाण्याने सुमारे ५३ सेंटिमीटर उंच पाऱ्याच्या स्तंभाइतका दाब दिला! मला हा प्रयोग फार आवडतो, कारण ते मडकं म्हणजे हाताने घडवलेली पेशीच. आत गोड रस, भोवती निवडक पडदा, त्याबाहेर न फुटणारी भिंत. वनस्पतीच्या पेशीत हा दाब बऱ्याचदा ५ ते १० वातावरणांइतका असतो (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). मोटारीच्या चाकात जेमतेम दोन-अडीच. कोवळी देठं लाकडावाचून ताठ राहतात ती या जोरावर.

त्याच सुमारास डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीस कोवळे कोंब मिठाच्या पाण्यात बुडवून ते किती आखडतात हे मोजत होते. फेफरचे आकडे त्यांनीच डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांच्या कानावर घातले. त्यावरून व्हान्ट हॉफ यांनी १८८७ मध्ये द्रावणांच्या या दाबाचा नियम मांडला आणि १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं.

समुद्राच्या पाण्याची ओढ सुमारे २५ वातावरणं. भाताच्या मुळांना तिच्यावर मात करता येत नाही, म्हणून पाण्यात राहूनही रोप मान टाकतं. त्याच खाडीतलं तिवर हे खारफुटीचं झाड मात्र ताठ उभं असतं, कारण त्याचा पेशीरस समुद्राच्या पाण्याहून दाट असतो आणि जादा मीठ ते पानांवाटे टाकून देतं. कोरड्या दिवसांत तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागेल.