अरोक्सची मोटर नेमकं काय चालवते? (पार्श्वभूमी)

मागच्या दिवाळीच्या आसपास वणीकडच्या एका भावाने जुना ४२०४३, म्हणजे लेगोचा मर्सिडीज अरोक्स ट्रक, विकत घेतला, खोकं नाही पण पार्ट पूर्ण, अन दुसऱ्याच दिवशी विकणाऱ्याला मेसेज टाकला की मोटर जळालेली दिसते, आवाज येते पण गाडी जागची हलत नाही. विकणारा पुण्याचा. त्याचं उत्तर एवढंच की हलणारच नाही, ती हलायची गाडीच नाही. मग पैसे वापस करा, मग फसवणूक, मग दोन्हीकडून चार-चार जण मधात पडले. मजा वाटली असेल तुम्हाला, पण हे भांडण काही नवीन नाही राजेहो, २०१५ पासून जिथे जिथे हा ट्रक विकल्या जाते तिथे तिथे होते, अन त्याचं मूळ तर अजून मागे आहे.

लेगो म्हणजे तुकडे जोडून बनवायची खेळणी, जास्त सांगत बसत नाही. त्यातली टेक्निक म्हणजे गिअर, दांडे, पिना वाली लाईन १९७७ ची, मोटर तेव्हापासूनच आहे, ४.५ व्होल्टची. मधलं सोडून देऊ. आपल्या कामाचा आहे १९९२ चा ८८६८ (हे सेटचे नंबर), पंजावाला ट्रक. त्याच्यात ९ व्होल्टची मोटर, अन ती मोटर करते काय तर हवेचा पंप मारते, त्या हवेवर क्रेनचा हात वर-खाली होते. गाडी ढकलायची आपल्या हातानेच. म्हणजे अरोक्सचा आजोबाच समजा.

गडबड झाली ती २००७ नंतर. त्या वर्षी पॉवर फंक्शन्स नावाची नवीन मोटर सिस्टीम आली अन तिच्यासोबत ८२७५ बुलडोझर, १,३८४ तुकड्यांचा, रिमोटवर चालणारा. रिमोट इन्फ्रारेडचा, टीव्हीच्या रिमोटसारखा, त्यामुळे उन्हात सिग्नल धड पकडत नाही (आपल्याकडे मे महिन्यात अंगणात चालवून पाहा, मग कळते). मग २०१२ चा ९३९८ क्रॉलर, रिमोट खोक्यातच. २०१४ चा व्होल्वोचा मोठा लोडर ४२०३०, तोही रिमोटवर. सात-आठ वर्षांत लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की मोठा सेट, आत मोटर, म्हणजे गाडी पळणार.

अन त्याच्यावर २०१५ ला आला ४२०४३, मर्सिडीज-बेंझ अरोक्स ३२४५. २,७९३ तुकडे, तोपर्यंतचा सगळ्यात मोठा टेक्निक सेट, अमेरिकेत किंमत २३० डॉलर. अन एवढ्या मोठ्या धुडात मोटर किती? एक. एल साईजची एकच, सहा पेन्सिल सेलवर चालणारी. रिमोट नाहीच. स्टिअरिंग हाताने, पुढचे दोन्ही एक्सल वळतात. मागच्या चाकांना इंजिन जोडलंय, पिस्टन वर-खाली होतात, पण ते गाडी ढकलली की, मोटरने नाही. मोटर फिरवते कम्प्रेसर (त्याच्या हवेवर क्रेनचा हात हलते), ट्रॉली उचलते, गाडी टेकवायचे बाजूचे पाय बाहेर काढते. काय करायचं ते गिअरबॉक्सवर निवडायचं. न्यूमॅटिकचे, म्हणजे हवेवर चालणारे, नवीन सिलिंडर पहिल्यांदा याच सेटमध्ये आले, ते वेगळंच कौतुक.

आता शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोळ ‘मोटराइज्ड’ या एका शब्दाचा आहे. कंपनीच्या हिशोबाने मोटराइज्ड म्हणजे त्यातलं काही काम मोटरने होते. घेणाऱ्याच्या हिशोबाने मोटराइज्ड म्हणजे गाडी चालते. सेकंडहँडवाले तर सरळ ‘मोटरवाला ट्रक’ लिहून मोकळे, काही जण आरसी (रिमोटवर चालणारा) पण लिहितात, जे धडधडीत खोटं आहे. मी स्वतः पाहिलंय, चांगले जुने कलेक्टर म्हणवणारेसुद्धा ‘नॉन-मोटराइज्ड चेसिस’ असं काहीतरी लिहून अजून गोंधळ घालतात. साधं सांगा ना, मोटर आहे, चाकाला नाही.

खरं म्हणजे आपल्या खेड्यातल्या माणसाला हे समजायला एक मिनिट लागू नये. आपल्याकडे ‘मोटर’ म्हटलं की काय आठवते? विहिरीवरची. ‘मोटर चालू कर’ म्हटलं की कोणी विचारत नाही कुठे जाऊन रायली, ती जागेवर बसून पाणी उपसते. दुसरं घ्या, ट्रॅक्टर उभा करून पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) थ्रेशर लावतो तेव्हा ट्रॅक्टर एक इंच हलत नाही अन सोयाबीनचा ढीग निघते. अरोक्स म्हणजे तेच. अन खरा टिप्पर पण तसाच असते, वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या खदानीवर रोज दिसतात, गाडी थांबवतो, लिव्हर ओढतो, इंजिनच्याच ताकदीवर डाला वर जाते. त्यामुळे माझं मत विचाराल तर तो सेट खोटं बोलला नाही, उलट बाकीच्यांपेक्षा जास्त खरा ट्रक होता.

नावडणाऱ्यांची बाजू पण आहे, एकदम चुकीची नाही. म्हणतात एवढे पैसे घेता अन मोटर एक. हवा भरेपर्यंत थांबा, मग हात हलते. लेकराला दिला तर दहा मिनिटांत कंटाळते. बरोबर आहे, लेकराचं. पण पन्नाशीतले लोकही तेच म्हणून रायले तर काय बोलावं.

तुकड्यांचा रेकॉर्ड वर्षभरच टिकला, २०१६ ला ४२०५५ बकेट व्हील एक्स्कॅव्हेटर आला, ३,९२९ तुकडे, अन त्याच्यातही मोटर एकच.

मग २०१९. लिबहेरचा एक्स्कॅव्हेटर ४२१००, ४,१०८ तुकडे, सात मोटरी, चालवायला मोबाईल. हातात धरायचा रिमोट नाही, फोनवर ॲप टाकायचं, ब्लूटूथने जोडायचं. झालं, ज्यांना चालणारी गाडी पाहिजे होती त्यांना चालणारी गाडी भेटली, अन तेच लोक आता म्हणतात की दहा वर्षांनी ॲप बंद झालं तर या धुडाचं करायचं काय. तेव्हापासून अरोक्सची इज्जत वाढली. त्याला ना फोन लागत ना ॲप, सेल टाका अन लिव्हर पाडा. पण नव्या सिस्टीमचा प्लग वेगळा आहे, जुनी मोटर नव्या हबला (मोटरी जोडायच्या डब्याला) लागत नाही, अन जुन्या मोटरी कंपनीने बंद केल्या. म्हणून आता खरी एल मोटर सेकंडहँडच पाहावी लागते, नाहीतर त्याच प्लगची चायनाची कॉपी. कॉपी लावलेला सेट ओरिजिनल धरायचा का, यावर सीलबंद खोकी जपणारे एका बाजूला अन आपल्यासारखे उघडून खेळणारे दुसऱ्या.

बाहेरून मागवायचं म्हणाल तर ते पण सोपं राहिलं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० वर नेली, २०२३ ला ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय मार्क सक्तीचा. आता २०१५ ला आलेल्या अन कधीच बंद झालेल्या सेटच्या खोक्यावर तो मार्क कुठून येईल बाप्पा? त्यामुळे देशात जे आधी आले तेवढेच हातोहात फिरतात, अन भाव विकणारा म्हणेल तो.

वापरलेला घ्यायचाच असेल तर विदर्भातल्या माणसाने विदर्भातूनच आलेला नीट पाहून घ्यावा. आपल्या ४५-४६ डिग्रीत टिनाच्या खाली ठेवलेल्या डब्यात सेल फुटून बॅटरी बॉक्सचे पत्रे हिरवे पडतात, उन्हात ठेवले तर पांढरे पार्ट पिवळे होतात. मोटर ऐकायला तर कोणीही ऐकवते, हवा भरल्यावर हात वर उचलून तसाच दोन मिनिटं थांबतो का ते पाहा, खाली आला तर कुठेतरी गळती आहे.

वणीच्या भावाने पैसे काही वापस घेतले नाहीत. त्याच्या बाबाने म्हणे लिव्हर पाडून ट्रॉली उचलून पाहिली अन विचारलं, हा तर आपला टिप्पर आहे, चालत नाही म्हणून रडतोस कायले. सध्या तो एक नळी शोधून रायला, हात हळूहळू खाली येते त्याचा.