दिवा जळतो म्हणजे विहीर सुरक्षित?

विहिरीत किंवा सेप्टिक टाकीत उतरण्याआधी कंदील सोडायचा, तो जळत राहिला तर खुशाल उतरायचं, हा समज चुकीचा आहे आणि जिवावर बेततो.

हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला की आत उतरू नये. ज्योत मात्र साधारण 16 टक्क्यांपर्यंत तग धरते. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू, तर दिव्याला कळतच नाही: 700 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 700 भाग) माणूस काही श्वासांत कोसळतो, ज्योत तशीच. वासावरही विसंबू नका; 100 पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं. शिवाय मिथेन हा ज्वलनशील वायू हवेत 5 ते 15 टक्के असेल तर तोच कंदील स्फोट घडवतो.

चार वायू (ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, मिथेनसारखे ज्वलनशील वायू आणि कार्बन मोनॉक्साइड) मोजणारा मीटर दोरीने सोडा. वर, मध्ये, तळाशी, प्रत्येक ठिकाणी एक-दोन मिनिटं थांबून आकडा वाचा. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत न्या आणि काम संपेपर्यंत चालू ठेवा, कारण गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो. उतरणाऱ्याला हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षा पट्टे), वर तिपाई आणि विंच (दोर गुंडाळून वर ओढणारं यंत्र). आतला कोसळला तर वरूनच ओढायचं. मागोमाग उडी घेणाराही त्याच हवेत पडतो.

गटार आणि सेप्टिक टाकीत तर संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हाच आहे.