पायाच्या गंभीर दुखापतीनंतर दिव्यांग प्रमाणपत्र : अर्ज नेमका कोठे अडतो

पुणे-बेंगळुरू महामार्ग सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून जातो, आणि उसाच्या हंगामात गावोगावच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते. पाय चेंगरून मिरजेच्या किंवा कराडच्या दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाचा पाय कधी कापावा लागतो, तर कधी रॉड, रिंग (हाड जुळेपर्यंत पायाभोवती बाहेरून तारांनी बसवलेली चौकट) आणि चार-पाच शस्त्रक्रियांनंतर तो वाचतो. दोघांनाही पुढे दिव्यांग प्रमाणपत्र लागते, पण सिव्हिलच्या बोर्डापुढून, म्हणजे शासकीय रुग्णालयात अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांपुढून, रिकाम्या हाताने परत येणाऱ्यांमध्ये पाय वाचलेलेच अधिक दिसतात.

अर्ज स्वावलंबन या शासकीय पोर्टलवर भरावयाचा असून त्याला शुल्क नाही. आधार, अलीकडचा फोटो आणि उपचाराची कागदपत्रे लागतात. तपासणी आपल्या रहिवासाच्या जिल्ह्यात, किंवा जेथे उपचार झाले त्या शासकीय रुग्णालयात होऊ शकते. ‘तुमचा जिल्हा वेगळा’ एवढ्यावरच खिडकीवरून परत पाठवले, तर नियमातील हा दुसरा पर्याय शांतपणे दाखवून द्यावा.

पहिली अडचण वेळेची आहे. जत तालुक्यातील एक गृहस्थ पहाटेच्या एसटीने सांगलीला आले, तेव्हा त्यांच्या पायावर रिंग होती आणि तारांच्या तोंडाशी पिवळसर पाणी साचलेले होते. डॉक्टरांनी ‘उपचार पूर्ण झाल्यावर या’ असे लिहिले आणि त्यांना ते अपमानासारखे लागले. वस्तुतः त्यात अन्याय नव्हता, कारण पुढे सुधारणा किंवा बिघाड संभवतो अशा अवस्थेत कायमचे प्रमाणपत्र देता येत नाही. मात्र ठरावीक मुदतीचे तात्पुरते प्रमाणपत्र देण्याची तरतूद नियमांत आहे आणि ते मागितल्याशिवाय बहुधा कोणी सुचवत नाही. ते मिळाल्यास त्यावरील अखेरची तारीख घरात दिसेल अशा ठिकाणी लिहून ठेवावी, कारण मुदत संपल्याचे पुष्कळांना सवलत नाकारली गेल्यावरच कळते.

दुसरी अडचण कागदाची. अपघातात शुद्ध हरपलेल्या माणसाला कोणीतरी वाटसरू दवाखान्यात आणतो आणि केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे 40’ अशी नोंद होते. पुढे नाव कळते, बिलावर ते बरोबर येते, परंतु पहिल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीवर ‘अनोळखी’ तसेच राहते. ज्या कागदावर दुखापतीची खरी तीव्रता लिहिलेली असते, नेमका तोच कागद मग रुग्णाचा ठरत नाही. यावर उपाय एकच : दवाखान्याच्या अभिलेख विभागाकडून ‘अमुक नोंदणी क्रमांकाचा रुग्ण म्हणजेच ही व्यक्ती’ असे सही-शिक्क्याचे पत्र घ्यावे, आणि तेही डिस्चार्ज घेतानाच. दोन वर्षांनी गेल्यास जुने रजिस्टर उघडायला कोणी तयार नसते, हे पुष्कळदा पाहिले आहे. पाय कापला असल्यास तो कोणत्या पातळीवर कापला, हेही डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्यावे.

आता टक्केवारी, म्हणजे खऱ्या वादाचे मूळ. कापलेल्या पायाचे गणित सरळ आहे : गुडघ्याच्या सांध्यातून कापल्यास 75 टक्के, मांडीतून कापल्यास 80 किंवा 85, गुडघ्याखाली असल्यास पातळीप्रमाणे साधारण 60 ते 70. वाचवलेल्या पायाला असा तक्ता नाही. तेथे सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद आणि उभे राहण्यातील स्थैर्य मोजले जाते, आणि वेदना, विकृती यांसाठी वरचे जास्तीत जास्त 10 गुण मिळतात. आखूडपणाचे गुण या मर्यादेबाहेर, वेगळे धरतात. आखूडपणाचा पहिला अर्धा इंच धरलाच जात नाही. त्यापुढील प्रत्येक अर्ध्या इंचाला 4, म्हणजे दीड इंच आखूड झालेल्या पायाला अवघे 8. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के लागतात, त्यामुळे पाय जागेवर असलेला माणूस 35 वर अडकतो आणि ‘कापला असता तर बरे झाले असते’ असे बोलून जातो.

त्याचे बोलणे निव्वळ त्राग्याचे नाही. अमेरिकेतील आठ ट्रॉमा केंद्रांतील (गंभीर अपघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांतील) 569 रुग्णांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांनंतर पाय कापलेल्या आणि वाचवलेल्या रुग्णांच्या एकूण कार्यक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही, उलट पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण वाचवलेल्यांत 47.6 टक्के, तर कापलेल्यांत 33.9 टक्के होते. म्हणून पाय वाचलेल्याने बोर्डापुढे जाताना ताजा एक्स-रे, दोन्ही पायांची लांबी दाखवणारा स्कॅनोग्राम आणि घोटा-गुडघा किती अंशांत वळतो याची अस्थिरोगतज्ज्ञांची लेखी नोंद न्यावी, आणि नेहमी काठी वापरत असल्यास त्या दिवशी ती संकोचाने बाहेर ठेवू नये. निर्णय मान्य नसल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 59 खाली अपील करता येते.

तपासणीची तारीख मोबाइलवर येते, म्हणून अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाचा नव्हे, तर स्वतःचा चालू क्रमांक द्यावा. अर्जदाराकडून काहीच हालचाल न झाल्याने अर्ज दोन वर्षे पडून राहिला, तर तो निष्क्रिय होतो आणि सारे पहिल्यापासून करावे लागते.

केंद्राच्या एडिप योजनेतून कृत्रिम पाय मिळतो, त्यासाठीही 40 टक्के आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. येथे घाई नडते. कापलेल्या भागाची सूज उतरून आकार बदलत राहतो, आणि शिबिरात लवकर बसवलेला पाय काही महिन्यांत सैल होऊन कोपऱ्यात उभा राहतो. दुसरा मात्र त्याच योजनेतून तीन वर्षे मिळत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक भरपाईच्या दाव्यातील आहे. मोटार वाहन कायद्यातील दावा दाखल करण्याची 6 महिन्यांची मुदत अपघाताच्या तारखेपासून मोजायची असते. डिस्चार्जपासून नव्हे आणि प्रमाणपत्रापासून तर नव्हेच. ‘आधी दाखला येऊ दे, मग वकील बघू’ या विचारात ती निघून जाते. वास्तविक दावा दाखल करण्यासाठी प्रमाणपत्र हातात असण्याची गरज नाही, ते पुराव्याच्या वेळी देता येते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु त्या भरवशावर कोणी थांबू नये. शिवाय प्रमाणपत्रावरील टक्केवारी त्या पायापुरती असते, तर भरपाईचा दावा चालवणारे न्यायाधिकरण कमाईची क्षमता किती घटली हे पाहते. त्यामुळे ट्रकचालकाने परवाना, ऊसतोड मजुराने मुकादमाकडील उचलीची नोंद आणि दुकानदाराने हिशेबाच्या वह्या आताच बाजूला काढून ठेवाव्यात.